जाहिरातीवर किती खर्च करावा? बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील छोट्या व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहापूरचे साडीवाले, खानापूरचे हार्डवेअरवाले, निपाणीचे कापड दुकानदार, अनगोळमध्ये घरातून मांडे करून देणाऱ्या ताई, अशा अनेकांच्या वह्या लिहिताना हे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. खालची उत्तरे साधारण दहा-पंधरा लाखांपासून दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी आहेत. उदाहरणांतले आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत, तिथे आपले आकडे घालून पाहावेत.

विक्रीच्या किती टक्के रक्कम जाहिरातीला ठेवावी?

"दोन ते पाच टक्के" असे उत्तर कुणीही देईल. ते सगळ्यांना लागू करता येत नाही, कारण विक्रीतले आपल्या हातात किती उरते हे धंद्यागणिक बदलते. किराणा दुकानात शंभर रुपयांच्या विक्रीमागे आठ-दहा रुपये सुटत असतील, तर ब्युटी पार्लरमध्ये साठ-सत्तर. दोघांनीही विक्रीच्या तीन टक्के जाहिरातीला घातले तर पार्लरच्या ताईंना ते जाणवणारही नाही. किराणावाल्याच्या सुटणाऱ्या पैशांतला मात्र जवळपास तिसरा हिस्सा गेला.

म्हणून टक्का विक्रीवर काढू नका, ढोबळ नफ्यावर काढा. वर्षाच्या विक्रीतून मालाची खरेदी वजा केली की ढोबळ नफा आला. त्यातून भाडे, पगार, वीजबिल, बँकेचा हप्ता आणि घरखर्च बाजूला काढा. घरखर्च धरायला लोक विसरतात आणि मग मार्चमध्ये हातात पैसे का नाहीत म्हणून विचारतात. राहिलेल्या रकमेतूनच जाहिरात करायची. माझ्या मते, जम बसलेल्या दुकानाने ढोबळ नफ्याच्या पाच ते दहा टक्क्यांपर्यंत थांबावे. त्याहून जास्त घालायचे असेल तर कारण स्पष्ट हवे: नवीन शाखा, नवीन माल, किंवा समोर कुणीतरी मोठे दुकान टाकले असेल.

आणि हा आकडा वर्षाच्या सुरुवातीला वहीत लिहा. बहुतेक दुकानांत तो कुणी ठरवतच नाही. पेपरचा प्रतिनिधी येतो, गल्लीतली पोरे येतात, ओळखीचा माणूस केबलच्या पट्टीसाठी विचारतो, आणि वर्षभर "बरं, घ्या" म्हणत दिलेल्या रकमांची बेरीज म्हणजे जाहिरातीचा खर्च होतो. खर्च कमी की जास्त, हा पुढचा भाग झाला. तो आपण ठरवलेला नसतो, दारात आलेल्या माणसाने ठरवलेला असतो, ही खरी अडचण आहे.

एखादी जाहिरात परवडते की नाही हे आधी कसे ओळखायचे?

यासाठी एकच भागाकार पुरतो. जाहिरातीचा खर्च भागिले एका बिलामागचा सरासरी ढोबळ नफा.

समजा, साडीच्या दुकानात सरासरी बिल ३,००० रुपयांचे होते आणि त्यात २५ टक्के सुटतात, म्हणजे बिलामागे ७५० रुपये. हँडबिले छापून पेपरात घालायला १५,००० रुपये लागणार असतील तर ते भरून यायला २० बिले लागतील. ही २० बिले जास्तीची हवीत. जी गिऱ्हाइके एरवीही येणारच होती त्यांची बिले यात धरायची नाहीत. आता स्वतःला विचारा: ह्या हँडबिलाने २० नवी घरे माझ्या दुकानाची पायरी चढतील का? लग्नसराईच्या तोंडावर शहापूर-वडगाव भागात ती चढतील असे वाटत असेल तर करा. आषाढात तेच हँडबिल काढायचे असेल तर थांबा.

हाच हिशेब किराणा दुकानाला लावा. बिल ४०० रुपयांचे, सुटतात ४० रुपये. १५,००० रुपयांसाठी ३७५ जास्तीची बिले लागतील. एका आठवड्यात ती येणार नाहीत. पण किराण्याचे गिऱ्हाईक एकदा लागले की महिन्याला चार वेळा येते. म्हणून तिथे एका बिलाचा नफा न धरता एका घराचा वर्षाचा नफा धरावा. वर्षाला ४८ फेऱ्या, ४० रुपयांप्रमाणे १,९२० रुपये. मग आठ नवी घरे कायमची लागली तरी खर्च निघतो. ज्या धंद्यात गिऱ्हाईक परत परत येते तिथे ते पहिल्यांदा आणण्यासाठी थोडे जास्त मोजायला हरकत नाही. दहा वर्षांतून एकदा लागणाऱ्या वस्तूला, उदाहरणार्थ बोअरवेलच्या पंपाला, ही सूट नाही.

माझे दुकान गणपत गल्लीत आहे. भाडेच एवढे जाते, वर जाहिरात कशाला?

तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला हिशेबाचाही आधार आहे. मुख्य बाजारातले जास्त भाडे हा जाहिरातीचाच खर्च असतो. रस्त्यावरून जाणारी माणसे पाटी पाहतात, त्याचे पैसे तुम्ही भाड्यातून देता. भाडे आणि जाहिरात एकत्र मोजण्याचा एक ठोकताळा व्यापारात वापरला जातो. वर्षाच्या विक्रीचे १० आणि १२ टक्के काढायचे, त्यांना खरेदीवर आपण जेवढी वाढ घेतो त्या प्रमाणाने गुणायचे आणि त्यातून वर्षाचे भाडे वजा करायचे. उरेल ते जाहिरातीचे.

समजा विक्री ६० लाख, खरेदी ४८ लाख, म्हणजे खरेदीवर २५ टक्के वाढ. ६० लाखांचे १० टक्के ६ लाख, त्याचे २५ टक्के दीड लाख. १२ टक्के धरले तर १ लाख ८० हजार. गणपत गल्लीत महिना २५,००० भाडे असेल तर वर्षाचे ३ लाख झाले. काहीच उरले नाही, म्हणजे तुमची जाहिरात भाड्यातच होऊन गेली आहे. तुम्ही पैसे घालायचेच तर पाटी, उजेड आणि काचेतली मांडणी यांवर घाला. तेवढीच विक्री वडगावच्या एखाद्या आतल्या गल्लीत महिना ६,००० भाड्यात होत असेल तर भाडे ७२ हजार, आणि जाहिरातीला ७८ हजार ते १ लाख ८ हजार राहतात. आत दुकान असलेल्याने भाड्यात वाचलेले सगळे पैसे घरी नेले की वर्ष-दोन वर्षांत गिऱ्हाईक आटते. दुकान कुठे आहे हे लोकांना सांगायचे काम त्या भाड्यात झालेले नसते.

स्वतःच्या जागेत दुकान असेल तर भाडे शून्य धरू नका. ती जागा दुसऱ्याला दिली असती तर जे आले असते ते धरा.

मंडळाची वर्गणी, स्मरणिका, यात्रेची कमान हे जाहिरातीत धरायचे का?

आपल्याकडे सर्वात गोंधळ इथेच होतो.

बेळगावात गणेशोत्सव आहे, वैशाख शुद्ध द्वितीयेची शिवजयंती आणि चित्ररथांची मिरवणूक आहे, आषाढात वडगावची मंगाई यात्रा आहे. गावोगावच्या लक्ष्मी यात्रा, कुस्त्यांची मैदाने, टेनिस बॉलच्या स्पर्धा आहेत. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगावसारख्या गावांतली मराठी साहित्य संमेलने आहेत. प्रत्येकाची पावती, कमान नाहीतर स्मरणिका असते. हे सगळे टिकले पाहिजे असे मला मनापासून वाटते. सीमाभागात मराठी माणसाचे सार्वजनिक आयुष्य याच गोष्टींवर उभे आहे, आणि ते उभे ठेवण्यात गल्लीतल्या दुकानदाराचा वाटा मोठा आहे. त्यामुळे "वर्गणी बंद करा" असा सल्ला मी कुणाला देत नाही.

सल्ला असा की वहीत दोन खाती करा. एक "वर्गणी व देणगी", दुसरे "जाहिरात". दोन्हींचा आकडा गुढीपाडव्याला ठरवा. वर्गणी ही आपण गल्लीत राहतो म्हणून द्यायची असते, तिच्यातून गिऱ्हाईक येईल अशी अपेक्षा ठेवायची नाही आणि ती दिल्यावर "आमची जाहिरात झाली" असे समाधानही मानायचे नाही. खाते वेगळे असले की आलेल्या पोरांना सांगणेही सोपे जाते. "बाळांनो, यंदा मंडळांसाठी एवढे ठेवलेत, त्यातले तुमचे हे" असे सांगितले की कुणी वाईट मानत नाही. वाईट वाटते ते एकाला पाचशे आणि दुसऱ्याला दोन हजार दिल्याचे कळल्यावर.

स्मरणिकेतले पान मात्र खरोखर जाहिरात असू शकते. ती कोण घरी नेतो ते पाहा. साहित्य संमेलनाची स्मरणिका शिक्षक आणि वाचणारी माणसे जपून ठेवतात. पुस्तकांचे दुकान, छापखाना, शिकवणी वर्ग, चष्म्याचे दुकान यांना तिथे अर्धे पान घेणे उपयोगाचे आहे. हार्डवेअरवाल्याने तिथे दिले तर ती देणगी समजावी आणि त्या खात्यात लिहावी. कमानीचे उलट आहे. यात्रेची कमान हजारो जण पाहतात, पण तिच्यावर पंधरा नावे बारीक अक्षरांत असतील तर एकही वाचले जात नाही. एकट्याचे नाव मिळणार असेल तरच कमान जाहिरातीत धरा.

गावची मोठी लक्ष्मी यात्रा अनेक वर्षांतून एकदा येते. त्या वर्षी त्या गावात घराघरांत रंगकाम होते, भांडी घेतली जातात, लेकी-जावयांना कपडे होतात. यात्रेच्या आठवड्यात कमान बांधण्यापेक्षा दीड-दोन महिने आधी त्या गावात हँडबिल वाटलेले रंगवाल्याला आणि भांडीवाल्याला जास्त लाभते. यात्रा सुरू होईपर्यंत खरेदी उरकलेली असते.

पाटी आणि जाहिरात मराठीत करावी की कन्नडमध्ये?

पाटीचा प्रश्न कायद्याने ठरलेला आहे. कर्नाटकातील २०२४ च्या दुरुस्तीनुसार दुकानाच्या नामफलकावर ६० टक्के भाग कन्नड असावा लागतो आणि कन्नड मजकूर वरच्या अर्ध्या भागात यावा लागतो. उरलेल्या ४० टक्के जागेचा विचार मात्र फार कमी लोक करतात. तिथे इंग्रजीत नाव, मराठीत नाव, फोन, "शाखा नाही" असे सगळे कोंबतात. मराठी गिऱ्हाईक महत्त्वाचे असेल तर त्या जागेत मराठीत नाव आणि आपण काय विकतो एवढेच ठेवा, ठळक. नवी पाटी करायला देण्यापूर्वी रंगारी किंवा फलकवाल्याकडून मापाचा कच्चा आराखडा कागदावर मागा. चुकीची पाटी दोनदा करायला लागली की वर्षाच्या जाहिरातीचे निम्मे पैसे तिथेच जातात.

हा नियम नामफलकाचा आहे. हँडबिल, पेपर, फोनवरचा संदेश यांची भाषा गिऱ्हाइकाकडे पाहून ठरवा. त्यासाठी एक आठवडा गल्ल्यावर बसून कोण कोणत्या भाषेत बोलते याच्या रेघा मारा. खानापूर, येळ्ळूर, उचगाव भागासाठी मराठी. बैलहोंगल, गोकाककडून येणाऱ्यांसाठी कन्नड. चिकोडी, संकेश्वर, निपाणीत दोन्ही. शिनोळीवरून येणारा चंदगडचा माणूस आणि चोर्ला घाट चढून खरेदीला येणारे गोव्याचे लोक यांना मराठी चालते. एकाच हँडबिलावर दोन्ही भाषा अर्ध्या-अर्ध्या घालण्यापेक्षा कागदाच्या दोन बाजूंना दोन भाषा छापाव्यात. कन्नड मजकूर कन्नड घरात वाढलेल्या माणसाकडून लिहून घ्या. मराठीवरून शब्दाला शब्द लावून केलेला मजकूर वाचणाऱ्याला लगेच कळतो, आणि यांना आपण नकोच आहोत असे त्याला वाटते.

सण दोन्हीकडचे एकाच दिवशी येतात याचा फायदा घ्या. गुढीपाडवा म्हणजेच उगादी, अक्षय्य तृतीया म्हणजेच बसव जयंती. सराफाने त्या दिवसाची जाहिरात दोन नावांनी केली तर खर्च एकच होतो.

पेपरात जाहिरात देण्यात अजून अर्थ आहे का?

आहे, पण सगळ्यांसाठी नाही. १९१९ पासून बेळगावात निघणारा "तरुण भारत" असो की "पुढारी"ची बेळगाव आवृत्ती, पन्नाशीच्या पुढची मंडळी स्थानिक पान रोज वाचतात. निधनाच्या आणि रक्षाविसर्जनाच्या बातम्या, गावातले कार्यक्रम त्यातूनच कळतात. घरातला मोठा खर्च ज्यांच्या होकाराने होतो ती ही माणसे. सराफ, फर्निचर, लग्नाचे हॉल, शेती अवजारे, बी-बियाणे यांनी पेपर सोडू नये. मोबाईलची कव्हरे आणि कॉलेजच्या पोरांचे कपडे विकणाऱ्याने तिथे पैसे घालू नयेत.

दर चौरस सेंटिमीटरला असतो आणि पान, रंग, आवृत्ती यांप्रमाणे बदलतो. सगळ्या आवृत्त्यांची गरज नसते, फक्त बेळगाव किंवा फक्त सीमाभागाची पाने मागता येतात. दिवाळीला एकदाच पाव पान देण्यापेक्षा त्याच पैशात आठ आठवडे त्याच वारी, त्याच जागी छोटी चौकट द्यावी असे माझे ठाम मत आहे. दिवाळीच्या अंकात सगळेच पाव पान देतात.

पेपरात हँडबिल घालून वाटणे हा वेगळा प्रकार. ते काम त्या भागातल्या वितरकाकडून होते आणि हजारी दर असतो. यात कोणत्या गल्लीत जावे हे आपल्याला निवडता येते, ही मोठी सोय. टिळकवाडीतल्या क्लासने संपूर्ण शहरात दहा हजार वाटण्यापेक्षा टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर एवढ्यातच दोनदा वाटावेत.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे घालून पोस्ट वाढवली, लाइक भरपूर आले, दुकानात कुणी आले नाही. असे का?

बहुतेक वेळा तीन कारणे असतात. पहिले, जाहिरात कुठवर दाखवायची ते ठरवले नसते. दुकानापासून ठरावीक किलोमीटरच्या परिघात दाखवायची सोय असते. खानावळीला पाच-सहा किलोमीटर पुरे. लग्नाच्या शालूंना मात्र चंदगड, गडहिंग्लज आणि पणजी-मडगावपर्यंत जावे लागेल. दुसरे, पोस्टवर किंमत नसते. "किंमत इनबॉक्स करा" लिहिले की लोक पुढे सरकतात. तिसरे, जाहिरातीचा हेतू निवडताना लाइक निवडलेले असते. त्याऐवजी व्हॉट्सॲपवर संदेश किंवा फोन यावा हा हेतू निवडा, म्हणजे किती जणांनी विचारले ते मोजता येते.

दिवसाला थोडी रक्कम ठेवून आठवडाभर दोन वेगळ्या पोस्ट चालवा. जिच्यावर फोन जास्त येतील ती ठेवा, दुसरी बंद करा. फोटो दुकानातल्या खऱ्या मालाचा हवा. मांडे करणाऱ्या ताईंनी उलट्या कढईवर मांडा पसरतानाचा आपल्याच हातांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाकला तर कुठल्याही तयार चित्रापेक्षा तो जास्त पाहिला जाईल, कारण ते काम बघायलाच माणूस थांबतो. या जाहिरातींच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरून आकडा ठरवा.

पैसे अजिबात नाहीत. फुकटात काय करता येईल?

गुगल नकाशावर दुकानाची नोंद करा, ती फुकट असते. नाव, वेळ, सुटीचा वार, फोन आणि दिवसाउजेडी काढलेला दर्शनी फोटो एवढे तरी बरोबर हवे. शहराचे नाव २०१४ मध्ये अधिकृतपणे बदलले असले तरी लोक बेळगाव आणि बेळगावी दोन्ही लिहून शोधतात, म्हणून दुकानाच्या वर्णनात दोन्ही येऊ द्या. समाधानी गिऱ्हाइकाला तिथेच दोन ओळी लिहायला सांगा. पैसे देऊन खोटे अभिप्राय लिहून घेऊ नका.

व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी किमतींसह ठेवता येते. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये ठेवला आहे त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून बिल देतानाच "ताई, आमचा नंबर सेव्ह करून घ्या, नवा माल आला की कळवतो" असे म्हणायची सवय नोकरालाही लावा. आठवड्याला एक संदेश पुरे. रोज सकाळी फुलांचे सुप्रभात पाठवले की लोक नंबर अडवतात.

फ्लेक्स लावले तर चालतात का?

कर्नाटकात मार्च २०१६ पासून प्लास्टिकच्या फ्लेक्स-बॅनरवर बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. सार्वजनिक जागी कोणताही फलक लावायचा तर महापालिकेची, नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागते. दुसरे लावतात म्हणून आपण लावला आणि पथकाने उतरवून नेला, तर पैसे गेले आणि दंडही बसला. कापडी बॅनर आपल्या दुकानाच्या हद्दीत लावा.

रिक्षावर भोंगा लावून फिरवणे?

नवीन दुकानाच्या उद्घाटनाला किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी उपयोगी, एरवी नाही. पोलिसांची लेखी परवानगी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ भोंग्याला बंदी आहे. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षांच्या काळात तर करूच नये.

वर्षातले कोणते महिने निवडावेत?

गिऱ्हाइकाच्या हातात पैसा कधी येतो ते पाहा. निपाणी, चिकोडी भागात ऊस गेला आणि बिल जमा झाले की खरेदी होते. गाळप सुरू झाल्यावर कारखान्याचा पहिला हप्ता कधी पडतो यावर दुचाकी, टीव्ही आणि सोन्याची दुकाने नजर ठेवून असतात. खानापूरकडे भाताची सुगी झाल्यानंतर. उद्यमबागेतल्या कामगारांच्या वस्तीत पगार आणि दिवाळीचा बोनस. नोकरदारांना महिन्याचा पहिला आठवडा.

शालेय साहित्य आणि गणवेशवाल्यांसाठी आपल्या भागात एक वेगळी संधी आहे. कर्नाटकातल्या शाळा मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यावर. बेळगावची गर्दी ओसरते तेव्हा चंदगड तालुक्याची खरेदी सुरू होते. त्या मधल्या पंधरवड्यात शिनोळी, तुडये, पाटणे फाटा या बाजूला हँडबिल वाटणारा दुकानदार उरलेला माल काढू शकतो. तिकडच्या शाळांच्या गणवेशाचे रंग आधी माहीत करून घ्यावे लागतात, एवढीच तयारी.

पितृपक्षात कापड आणि सोने यांची जाहिरात करून पैसे घालवू नका. ते पुढच्या नवरात्रासाठी राखा.

सूट देणे ही जाहिरातच ना?

ती सर्वात महागडी जाहिरात आहे, आणि तिचे बिल कुणी आणून देत नाही म्हणून ती दिसत नाही. १०० रुपयांच्या वस्तूत २५ सुटत असतील आणि १० टक्के सूट दिली तर हातात १५ राहतात. पूर्वीइतकाच नफा हवा असेल तर विकल्या जाणाऱ्या वस्तूंची संख्या ६७ टक्क्यांनी वाढली पाहिजे. दहा टक्के सुटीने एवढी विक्री वाढत नाही, उलट नेहमीचे गिऱ्हाईक सूट लागेपर्यंत थांबायला शिकते. पडून राहिलेला माल काढायचा असेल तर त्या मालावरच सूट द्या आणि किती काळ ते स्पष्ट लिहा. आधी किंमत वाढवून मग ती खोडून दाखवणे ही फसवणूक आहे, आणि आपल्यासारख्या गावात ती एका मोसमात उघडी पडते.

जाहिरातीचा उपयोग झाला की नाही हे कळायचे कसे?

गल्ल्याजवळ दोरीला पेन बांधलेली एक शंभर पानी वही ठेवा. पानावर उभे रकाने पाडा: पेपर, हँडबिल, फोनवर पाहिले, कुणी सांगितले, जाता-येता दिसले, जुने गिऱ्हाईक. बिल करताना विचारायचे, "कुठून कळलं आमचं?" आणि त्या रकान्यात एक रेघ मारायची. नोकराने गर्दीत रेघ मारली नाही तर रागावू नका, दिवसातल्या निम्म्या गिऱ्हाइकांची नोंद झाली तरी अंदाज येतो. महिन्याच्या शेवटी रेघा मोजा आणि प्रत्येक रकान्याखाली त्या प्रकारावर झालेला खर्च लिहा. खर्चाला रेघांनी भागले की एक गिऱ्हाईक केवढ्याला पडले ते कळते.

"कुणी सांगितले" हा रकाना बहुतेक दुकानांत सर्वात लांब निघतो. मग सांगणाऱ्याचे नाव विचारून ठेवा आणि पुढच्या वेळी तो आला की त्याचे आभार माना. सणाला त्याच्या घरी पाव किलो कुंदा पोचवला तर तो खर्च जाहिरातीच्याच खात्यात लिहावा, इतका तो योग्य खर्च आहे.

जाहिरात कधी करूच नये?

हातात काम मावत नसेल तेव्हा. दिवाळीचे कपडे वेळेत देऊ न शकणाऱ्या शिंप्याने दसऱ्याला जाहिरात दिली तर नवे लोक येतात, ताटकळतात आणि पुन्हा येत नाहीत, वर चार जणांना सांगतात. तसेच ज्यांचे गिऱ्हाईकच मोजके आहे त्यांनी. उद्यमबागेत किंवा मच्छेत जॉबवर्क करणाऱ्या लेथच्या कारखान्याला पेपरातल्या जाहिरातीतून काम येत नाही. त्याने तेच पैसे चांगले नमुने, मापांचा अहवाल आणि कोल्हापूर-पुण्याच्या कंपन्यांतल्या खरेदी विभागांच्या भेटी यांवर घालावेत.

नवीन दुकान टाकतोय. पहिल्या वर्षी किती?

टक्केवारी इथे चालत नाही, कारण विक्रीच नसते. भांडवलातच जाहिरातीची रक्कम वेगळी काढा आणि तिचे तीन भाग करा. एक उद्घाटनाला, दोन पुढच्या सहा महिन्यांना. लोक उलटे करतात. मंडप, पाहुणे, जेवण आणि पानभर जाहिरात यांत सगळे संपते आणि तिसऱ्या महिन्यात, जेव्हा नवेपण सरून खरी गरज लागते, तेव्हा हात रिकामा असतो.

या खर्चाची करात वजावट मिळते का?

धंद्यासाठी केलेल्या जाहिरातीचा खर्च उत्पन्नातून वजा होतो, पण अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत विक्रीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून विवरणपत्र भरणाऱ्यांना तो वेगळा मागता येत नाही. राजकीय पक्षाच्या स्मरणिकेतील जाहिरातीची वजावट कुणालाच नाही. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिले तर तो खर्च धरला जात नाही, म्हणून चेक किंवा यूपीआयने द्या.

पेपरातील जागेवर जीएसटी ५ टक्के, इतर बहुतेक जाहिरातींवर १८ टक्के. कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरण्याच्या योजनेत असाल तर त्याचे क्रेडिट नाही, म्हणजे बिलात दिलेला जीएसटी आपल्या करातून वजा करता येत नाही. नेहमीच्या नोंदणीत असाल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर आणि दुकानाचे नोंदणीतले नाव अचूक आहे का ते बिल हातात आल्या आल्या पाहा. "श्री" गाळले किंवा मुलाच्या नावाने बिल फाडले की दुरुस्तीसाठी मार्चमध्ये धावाधाव होते. मोफत वाटलेल्या भेटवस्तू आणि नमुन्यांवरच्या जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. कॅलेंडर, पिशव्या वाटणार असाल तर त्यांची किंमत करासकट धरा. वर्गणीच्या पावत्या वेगळ्या पाकिटात ठेवा, जाहिरातीच्या बिलांत मिसळू नका.